पोथीची साक्ष

आपल्याकडे वाद मिटवण्याची एक जुनी आणि हमखास युक्ती आहे. चार माणसे ओटीवर बसली आहेत, एकादशीला अमुक चालते की नाही यावर बोलणे चढत चालले आहे, आणि इतक्यात घरातली वडीलधारी बाई आतून म्हणते, "अहो, पोथीत लिहिलं आहे!" झाले. वाद तिथेच संपतो. कोणत्या पोथीत, कोणत्या अध्यायात, कोणी लिहिले, केव्हा लिहिले, हे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. 'आजी सांगत असे' म्हटले तर हसणारे लोक 'पोथीत आहे' म्हटल्यावर गंभीर होतात. गोष्ट तीच, पण कागदावर चढली की तिला जणू पायरीचा मान मिळतो.

हा मान अक्षरांना कोठून मिळाला, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत आला आहे. धर्मावरची श्रद्धा खरी की खोटी, हा इथे माझा विषय नाही. तो ज्याने त्याने आपापल्या देवघरात सोडवावा. मी वाङ्मयाचा वाचक आहे. आणि वाचक म्हणून मला एवढेच पाहावयाचे आहे की, श्रद्धेची गोष्ट विश्वसनीय वाटावी म्हणून आपल्या ग्रंथांनी काय काय केले, आणि लिहिलेपणाने त्या कामी किती हातभार लावला. मराठीतले धर्मग्रंथ या दृष्टीने वाचू लागले, की मोठी मौजेची आणि पुष्कळदा मन हेलावणारी माहिती हाती लागते.

पहिली मौज अशी की, ज्यांना आपण सर्वांत प्रमाण मानतो त्या वेदांचाच लिहिण्यावर विश्वास नव्हता. वेद ही 'श्रुती'. ती ऐकावयाची आणि कंठात धरावयाची. एक अक्षर हलू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठांचे प्रकार बसवले. शब्द पुढून मागे, मागून पुढे, जोडीजोडीने असे विणावयाचे, की एखादा स्वर निसटला तर सारी वीण उसवावी. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची यादी आहे. गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवणारा, अर्थ न जाणणारा, आवाज न फुटणारा यांच्या पंक्तीत तिथे आणखी एक असामी बसवली आहे : लिहिलेले पाहून म्हणणारा! म्हणजे आज ज्याला आपण पुरावा म्हणतो, ते त्या काळच्या आचार्यांच्या मते न्यून होते. वहीत पाहावे लागते याचा अर्थच असा की, तुला येत नाही. २००३ साली युनेस्कोने मानवजातीच्या मौखिक वारशात वेदपठणाची गणना केली, ती या कंठाची, कागदाची नव्हे.

तेव्हा लिहिले म्हणून खरे, ही समजूत आपल्याकडे सनातन नाही. ती मागून आली. आणि माझ्या मते महाराष्ट्रात ती आली ती मराठी भाषेबरोबर. संस्कृत वचनाला साक्षीची गरज नव्हती. त्याची भाषाच त्याची साक्ष होती. पण बाजारात भाजी घेताना जी भाषा वापरावयाची, तीत देवाची गोष्ट सांगायची म्हटल्यावर ऐकणारा विचारणारच, "हे तुला कोणी सांगितले?" या प्रश्नाला उत्तर देता देता मराठी धर्मवाङ्मय घडले.

या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिक उत्तर दिले ते महानुभावांनी. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करावयास घेतल्या. हा पंडित मनुष्य, पण त्याने पंडिताची रीत सोडली. स्वामींना ज्यांनी पाहिले, ज्यांनी त्यांचे बोलणे ऐकले, त्यांना गाठून त्याने विचारपूस केली. स्वामी कोठे बसले होते, काय म्हणाले, ताटात काय होते, कोण रुसले, कोण हसले, अशा हजारो बारीकसारीक गोष्टींतून 'लीळाचरित्र' उभे राहिले. आणि यातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट ही की, एका प्रसंगाबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दुसऱ्याचे सांगणे गाळले गेले नाही. 'वासना' म्हणून ते वेगळे पाठ ग्रंथात नोंदले गेले. ज्याला आपण देव मानतो त्याच्या चरित्रातही मतभेद झाकावयाचा नाही, ही साधी गोष्ट नव्हे. चमत्काराच्या गोष्टीपेक्षा ताटातल्या भाजीच्या उल्लेखानेच इथे वाचकाचा विश्वास बसतो. ज्याला लहान गोष्टी इतक्या नेमक्या आठवतात, तो मोठ्या गोष्टीत फसवणार नाही, असे मन आपोआप म्हणते. कादंबरीकारांना हे मर्म फार पुढे कळले.

पण याच पंथाने पुढे दुसरी वाट धरली. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. हेतू जपणुकीचा होता. आणि जपणूक झालीही. पण तिचे मोलही पडले. जो ग्रंथ कोणाला वाचता येत नाही, त्याच्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागतात. मराठीतला पहिल्या प्रतीचा गद्यग्रंथ शेकडो वर्षे मराठी माणसालाच अपरिचित राहिला, आणि पंथाविषयी गैरसमजांचे रान माजले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयासाठी आयुष्य वेचले, तेव्हा कोठे पडदा वर गेला. लिहिणे पुरेसे नाही, वाचता येणेही लागते, हा धडा यातून घ्यावयाचा. कुलपातल्या पोथीची साक्ष कोणी काढीत नाही.

ज्ञानेश्वरीची गोष्ट निराळी. तिच्या पाठीशी गीता होती, गुरुपरंपरा होती, आणि शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशास ती सिद्ध झाली अशी लेखी नोंद होती. पण ग्रंथ जितका लाडका, तितके त्याला हात लागतात. तीनशे वर्षांत नकलकारांनी, पाठ करणाऱ्यांनी, कथेकऱ्यांनी तिच्यात आपापल्या पदरची भर घातली. पैठणच्या एकनाथांना हे सहन झाले नाही. शके १५०६ म्हणजे १५८४ साली त्यांनी जुन्या प्रती मिळवून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. आणि शेवटी बजावले की, यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे.

या एका कृतीसाठी मी नाथांना मराठी समीक्षेचे आद्य पुरुष म्हणतो. भाविक मनुष्य पोथीला हळदकुंकू वाहतो; त्याहून अधिक भाविक मनुष्य ती तपासतो. नाथांची श्रद्धा कमी असती तर त्यांनी मिळाली ती प्रत कपाळाला लावून मोकळे झाले असते. पण ज्ञानदेवांचा शब्द तो ज्ञानदेवांचाच असला पाहिजे, हा आग्रह त्यांच्या भक्तीतूनच आला. आपल्याकडे चिकित्सा ही श्रद्धेची वैरीण, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तीनशे पंचवीस वर्षांनी, १९०९ साली, राजवाड्यांनी नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली आणि पाठभेदांचा वाद पुन्हा पेटवला. त्या प्रतीच्या जुनेपणाविषयी विद्वानांनी शंका काढल्या, हे खरे. परंतु वाद घालणाऱ्यांपैकी कोणाचेही ज्ञानेश्वरीवरचे प्रेम त्यामुळे उणे झाले, असे दिसत नाही.

आता पोथीचे जे नेहमीचे वळण आपल्या परिचयाचे आहे, त्याकडे येतो. पोथी स्वतःवर विश्वास कसा बसवून घेते? प्रारंभी गणेश, शारदा, गुरू यांना वंदन. म्हणजे सज्जनांची ओळखपत्रे. मग आधारांची नावे. समर्थांनी तर दासबोधाच्या पहिल्याच समासात वकिलासारखा रोखठोक डाव मांडला आहे. श्रोते विचारतात, हा ग्रंथ कोणता, यात काय आहे. आणि उत्तरादाखल उपनिषदे, वेदान्त, निरनिराळ्या गीता यांची नावे ओळीने उभी राहतात. हे सारे खोटे म्हणणार असाल, तर एवढ्यांना खोटे म्हणावे लागेल, असा त्यातला पेच आहे. महिपतीबोवा अधिक नम्र. १७६२ च्या 'भक्तविजया'त ते आपल्या पदरचे काही नाही असे सांगून नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्याकडे बोट दाखवतात. त्यांच्या आधी लिहिलेले होते, म्हणून ते खरे. आणि त्यांनी लिहिले, म्हणून पुढच्या कीर्तनकाराला ते खरे. लेखी साक्षीची ही उतरंड आहे : मडक्यावर मडके. सर्वांत खालचे मडके कशावर उभे आहे, हे वाकून पाहावयास सहसा कोणी जात नाही.

आणि शेवटी फलश्रुती. जो वाचील त्याला संतती, संपत्ती, आरोग्य. जो ऐकेल त्याचे संकट निवारण. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राचा सप्ताह आजही घरोघर नेमाने होतो. ठरलेले दिवस, ठरलेले अध्याय, सोवळे, समोर मांडलेली पोथी, तेवता दिवा. तिथे वाचणे ही नुसती समजून घेण्याची क्रिया राहत नाही, ते व्रत होते. सुधारक मंडळी फलश्रुतीला जाहिरात म्हणून हसतात. मला तसे एकदम हसवत नाही. दुपारी कामे आटोपून, डोळ्यांवर झापड असताना पोथी ऐकायला बसलेल्या बायकांना बावन्नाव्या अध्यायापर्यंत नेण्यासाठी कथेकऱ्याने पुढे ठेवलेला तो खाऊ आहे. मुलाला औषध देताना आई साखर देते, तिला आपण लबाड म्हणत नाही. पण साखर हेच औषध, असे मुलाने धरून चालावे, हे मात्र बरे नव्हे. फलश्रुतीने श्रोता जागा राहतो. ग्रंथ खरा ठरत नाही. हा भेद पुष्कळदा विसरला जातो, आणि मग आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचे सोडून पारायणाचा संकल्प सोडणारे लोक निपजतात. ती चूक पोथीची खचित नव्हे. पण पोथीच्या नावावर ती जमा होते.

या सर्व प्रश्नांची जणू परीक्षाच घेणारी एक गोष्ट महाराष्ट्रात घडली. निदान घडली असे महाराष्ट्राने मानले. ती म्हणजे इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांची.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देहूच्या तुकोबांनी मराठीत अभंग रचले. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला. वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले. आणि वह्या कोरड्या वर आल्या. आपण लहानपणापासून या गोष्टीकडे चमत्कार म्हणून पाहतो, आणि मोठेपणी चमत्कार होईल की नाही यावर वाद घालतो. पण या गोष्टीत न्याय कशाचा चालला आहे, हे पाहिले पाहिजे. आक्षेप तुकोबांच्या भक्तीवर नव्हता. ते विठ्ठलापुढे नाचले असते तर कोणी हरकत घेतली नसती. आक्षेप होता तो लिहिण्याला. ज्या जातीला वेदाचा अधिकार नाही, तिच्यातल्या माणसाने वेदाचा अर्थ मराठीत कागदावर उतरवला, हा गुन्हा. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला शब्द उद्या कोणाच्या तरी तोंडी 'तुकोबांनी म्हटले आहे' असे प्रमाण होऊन बसतो. रामेश्वरभटांना हा धोका बरोबर कळला होता. शिक्षा माणसाला न होता वहीला झाली, ती याचसाठी.

आणि म्हणूनच चमत्कारही वहीचाच झाला. देवाने तुकोबांना सोन्याची मोहर दिली नाही, की शत्रूचे डोळे फोडले नाहीत. त्याने कागद वाचवला. लोकांच्या मनाने किती अचूक न्याय केला आहे पाहा! ज्या गोष्टीवर बंदी, तिच्यावरच देवाची सही. मराठी लिहिण्याला मिळालेला तो सर्वांत मोठा शिक्का होय. पुढे रामेश्वरभटच तुकोबांचे भक्त झाले, आणि त्यांच्या नावावरची तुकोबांची आरती आजही म्हटली जाते.

या गोष्टीचा दुसराही एक अर्थ सांगतात : वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, ते लोकांनी परत आणले; म्हणजे लोकगंगेने गाथा तारली. चमत्कार न मानणाऱ्यांना हा अर्थ आवडतो, आणि मलाही तो सुंदर वाटतो. पण मला या दोन अर्थांतले भांडण फारसे खरे वाटत नाही. पहिल्यात कागद तरतो, दुसऱ्यात कंठ. आणि दोन्हींत, ज्याचा शब्द बुडवावयाचा होता त्याचा शब्द बुडत नाही. शिवाय एक गंमत आहे. देहूस जपून ठेवलेल्या, तुकोबांच्या हातची म्हणून मानल्या जाणाऱ्या वहीला लोक 'भिजकी वही' म्हणत आले आहेत. गोष्ट सांगते वह्या कोरड्या निघाल्या, आणि नाव सांगते वही भिजली! चमत्कारावर श्रद्धा ठेवणाऱ्या लोकांनीच हे नाव कसे राहू दिले असेल? मला वाटते, पाण्याचा डाग हाच त्या वहीचा खरा दागिना आहे, हे त्यांना आतून कळले असले पाहिजे. अरुण कोलटकरांनी २००३ साली आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिले, तेव्हा त्यांनी जुन्या महाराष्ट्राची एक नस बरोबर पकडली.

पुढची हकीकत तितकीच बोधप्रद आहे. १८६९ ते १८७३ या काळात मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून, सरकारच्या साहाय्याने, तुकोबांची गाथा दोन भागांत छापली गेली. संपादक विष्णु परशुराम शास्त्री पंडित, विधवाविवाहाचे कैवारी. आणि देखरेख शंकर पांडुरंग पंडित यांची. निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखितांशी ताडून साडेचार हजारांवर अभंग सिद्ध झाले. हेच शंकर पांडुरंग पुढे अथर्ववेदाच्या संपादनाला लागले, तेव्हा त्यांनी पोथ्यांच्या जोडीला वैदिक समोर बसवले आणि त्यांच्या कंठातल्या पाठालाही एका प्रतीचा मान दिला. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९५ ते १८९८ मध्ये बाहेर पडला. एकाच माणसाने वाण्याच्या वहीची आणि ब्राह्मणाच्या वेदाची एकाच कसोटीने पारख करावी, यात मला एकोणिसाव्या शतकाचे सारे पुण्य दिसते. रामेश्वरभटांनी ज्या दोहोंमध्ये भिंत घातली होती, ती त्या संपादकाच्या टेबलावर नाहीशी झाली.

पण छापले म्हणून शंका संपली नाही. १९१९-२० च्या सुमारास वि. ल. भाव्यांनी तुकोबांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून अभंग छापले, आणि नाव दिले 'अस्सल गाथा'. 'अस्सल' हा शब्द कागदपत्रांच्या, कचेरीच्या जगातला. भक्तीच्या पुस्तकावर तो यावा, यातच नव्या काळाची चाहूल आहे. पूर्वी ग्रंथ खरा, कारण देवाने तारला. आता ग्रंथ खरा, कारण जवळच्या माणसाच्या हातचा. आणि आज देहूच्या गाथा मंदिरात तेच अभंग संगमरवरावर कोरून ठेवले आहेत. जणू पुन्हा कोणी बुडवू म्हटले तर इंद्रायणीच पुरी पडू नये!

हे केवळ हिंदू धर्माचे झाले असे नव्हे. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलाखाली लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या. नवा धर्म आला. पण संध्याकाळी काय वाचावयाचे? फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने साष्टीतल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची ही अडचण ओळखली, आणि १६१६ साली राचोल येथे आपले 'ख्रिस्तपुराण' छापले. मराठीत, ओवीत, पण रोमन अक्षरांत. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विनवतो की, आमची पुराणे तुम्ही थांबवलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. केवढी मार्मिक विनंती! देव बदलला, देऊळ बदलले, नावे बदलली. पण पुराणावाचून देव खरा वाटेना. पाद्रीबोवांनीही गद्य प्रवचन न देता ओवी दिली, कारण त्या भूमीत सत्याचा आवाज ओवीचा होता. पहिल्या छापील आवृत्त्या कालौघात नाहीशा झाल्या. ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला, १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली देवनागरीत आला. मराठीचे गोडवे गाताना आपण या परभाषी भक्ताला विसरू नये.

आतापर्यंत मी लिहिण्याच्या कौतुकाच्या गोष्टी सांगितल्या. पण जी अक्षरे विश्वास बसवतात, तीच माणसाला खालीही बसवतात. 'पोथीत लिहिले आहे' या चार अक्षरांनी विहिरी बंद झाल्या, देवळांची दारे बंद झाली, बालविधवांचे केस उतरले. जे वाचण्याचा अधिकार नाही, त्याच ग्रंथाच्या आधाराने शिक्षा भोगावी लागणे यासारखा दैवदुर्विलास नाही. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी सर्वच धर्मग्रंथांची झडती घेतली. आणि मौज पाहा, त्यांचा शेवटचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाला, त्याचे नाव 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'! ग्रंथाची सत्ता मोडावयाची, तर ग्रंथच लागतो.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहींनी मनुस्मृती जाळली. त्या कृत्याने अनेकांना धक्का बसला. मी त्याकडे वाङ्मयाचा वाचक म्हणून पाहतो, तेव्हा मला त्यात लिहिण्याच्या शक्तीची सर्वांत मोठी कबुली दिसते. रूढी जाळता येत नाही. ती धुक्यासारखी असते, मूठ मारावी कोठे? पण रूढीने आपली साक्ष म्हणून पोथी पुढे केली, आणि त्या दिवशी ती हाताला लागली. लिहिलेल्याचा दोष तोच त्याचा गुणही : ते समोर धरता येते, ओळीवर बोट ठेवून जाब विचारता येतो. ज्या पुरुषाने एक पोथी जाळवली, त्यानेच पुढे देशाची राज्यघटना सिद्ध करण्यात अग्रभाग घेतला; आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास धम्मदीक्षा घेतल्यावर त्याचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ मरणोत्तर, १९५७ साली, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ धर्मग्रंथासारखा लहान लहान, क्रमांक घातलेल्या वचनांत मांडला आहे. नव्याने मान वर करून उभ्या राहिलेल्या लाखो माणसांच्या हाती पुस्तक असले पाहिजे, हे बाबासाहेबांनी जाणले होते. ज्याच्या घरात पुस्तक, त्याच्या शब्दाला वजन, हा नियम त्यांनी आपल्या लोकांच्या बाजूने फिरवून घेतला.

मग या साऱ्याचा निष्कर्ष काय? पोथीवर विश्वास ठेवावा की न ठेवावा? मला वाटते, प्रश्न असा घातला की उत्तर चुकते. समर्थांनी एके ठिकाणी तीन प्रतीती सांगितल्या आहेत : शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती. ग्रंथात आहे, जाणत्याने सांगितले आहे, आणि आपल्या अनुभवाला आले आहे. तिन्ही जुळतील तेव्हा मानावे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक संन्यासी ग्रंथाला तीन साक्षीदारांपैकी एक म्हणतो. आपण मात्र त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवून मोकळे होतो. साक्षीदाराला मान द्यावा, त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, त्याची उलटतपासणीही करावी. निकाल मात्र आपला आपण द्यावयाचा असतो. तो साक्षीदारावर ढकलता येत नाही.

ही गोष्ट आजच्या दिवसांत विशेष सांगावीशी वाटते. पूर्वी एक पोथी उतरवायला महिने लागत. समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर एक समासच लिहिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकसारखे असावे, अशी त्याची शिस्त. त्या श्रमातच एक प्रकारची चाळणी होती. आता मोबाइलवर सकाळी चहाच्या आत दहा अभंग येतात, त्यांखाली तुकोबांचे नाव असते, मागे सूर्योदयाचे चित्र असते, आणि त्यातले किती तुकोबांचे आहेत हे पाहावयास कोणाला सवड नसते. सुबक अक्षरांत दिसते, एवढ्यावरच ते खरे मानले जाते. अमृताच्या ताटात रोज करवंट्या पडत आहेत. आणि ताट तपासावयास घरोघर एकेक लहानसा एकनाथ हवा आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत पुष्कळ घरांतून लाल फडक्यातली जुनी पोथी खाली निघेल. तिला हळदकुंकू जरूर वाहावे. पण यंदा ती सोडून तिचे शेवटचे पानही वाचावे. पहिल्या पानांवर ती मोठी मोठी अभिवचने देते. शेवटी मात्र बिचारा नकलकार बोलत असतो. जसे समोर पाहिले तसे उतरवले, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका, असे तो हात जोडून म्हणतो. कधी पोथीच स्वतः विनवते की, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. जी वाचणाऱ्याला भवसागर तरून नेण्याचे वचन देते, तिला तेलाच्या थेंबाची भीती वाटते! मला हे शेवटचे पान पहिल्या पानापेक्षा अधिक विश्वसनीय वाटत आले आहे. तिथे देव बोलत नाही. दिव्याच्या उजेडात पाठ मोडेपर्यंत बसलेला एक माणूस बोलतो, आणि आपल्या हातून चूक झाली असेल असे सांगतो. पोथीची जी साक्ष मी मानतो, ती त्याची.